स्टेजसाठी गिटार निवडताना: नाशिकच्या वादकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडवरच्या माझ्या क्लासमध्ये, कार्यक्रम संपल्यावर केबल गुंडाळताना आणि रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर मला फिरून फिरून हेच प्रश्न येतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून ही यादी केली. माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे: दुकानातल्या शांततेत गोड वाटणारी गिटार वेगळी आणि ढोलकी, कीबोर्ड, गायक यांच्या मधे ऐकू येणारी गिटार वेगळी. स्टेजसाठी दुसरी निवडायची.

१. पहिल्यांदाच स्टेजवर वाजवणार आहे. अकॉस्टिक घेऊ की इलेक्ट्रिक?

कोणासोबत वाजवणार ते आधी सांगा, असं मी विचारतो. भावगीतं, एखाद्या गायिकेला साथ, कॉलेज रोडवरच्या कॅफेत दोघा-तिघांचा कार्यक्रम असेल तर पिकअप (तारांचा आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बसवलेली अकॉस्टिक. ड्रम्स आणि बेस असलेला बँड असेल तर इलेक्ट्रिक. हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात दोन्ही लागतात. एकच परवडत असेल तर तिथे इलेक्ट्रिक घ्या. तिच्या स्वच्छ आवाजावर स्ट्रमिंग चालून जातं, पण लांब ताणलेला लीडचा सूर अकॉस्टिकवर टिकत नाही.

"आधी अकॉस्टिकवर बोटं घट्ट होऊ द्या, मग इलेक्ट्रिक" हा सल्ला मनावर घेऊ नका. ज्या वाद्यासाठी जीव तुटतो त्याचाच रियाज होतो.

२. दुकानदार 'सेमी-अकॉस्टिक' म्हणतो, इंटरनेटवर 'इलेक्ट्रो-अकॉस्टिक' लिहिलेलं असतं. दोन्ही एकच का?

आपल्याकडच्या दुकानांत सेमी-अकॉस्टिक म्हटलं की पिकअप आणि प्रीॲम्प (पिकअपचा सिग्नल वाढवणारं छोटं यंत्र) बसवलेली साधी अकॉस्टिक दाखवतात. तिचं नेमकं नाव इलेक्ट्रो-अकॉस्टिक. खरी सेमी-अकॉस्टिक ही इलेक्ट्रिकच्या घराण्यातली: पातळ पोकळ बॉडी, आत मधोमध लाकडाचा ठोकळा, वर इंग्रजी एफच्या आकाराच्या दोन खाचा आणि चुंबकी पिकअप. गिब्सनने १९५८ साली आणलेली ईएस-३३५ हा तिचा नमुना. ऑनलाइन मागवताना नावावर जाऊ नका, फोटो बघा.

३. दुकानात गिटार तपासायची कशी? मला तर सगळ्याच छान वाटतात.

बसून नको, पट्टा लावून उभं राहून वाजवा. स्टेजवर उभंच राहायचं आहे. अनेक अकॉस्टिक गिटारना पट्ट्याची एकच खुंटी असते. तशी असेल तर मानेच्या बुडाशी दुसरी बसवून मागा.

मग जॅक लावा. ॲम्पचे सगळे नॉब मधोमध ठेवा, रिव्हर्ब बंद करा. दुकानात रिव्हर्ब चढवून ठेवलेला असतो, त्यात कुठलीही गिटार देवळातल्यासारखी घुमते. सहाही तारा एकेक करून सारख्याच जोरात छेडा. एखादी तार दबलेली ऐकू येत असेल तर ब्रिजखालची (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाखालची) पिकअपची पट्टी नीट बसलेली नाही. जॅक बोटाने हलकेच हलवा. खरखरलं तर ती गिटार बाजूला.

नंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) दाबून बघा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजायला खिशात छोटी पट्टी ठेवा: अकॉस्टिकला जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोनच्या आसपास; इलेक्ट्रिकला दीड ते पावणेदोन पुरतात. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर एकच दिसला पाहिजे. शेवटी गिटार मित्राच्या हातात द्या आणि दहा फूट लांब उभं राहून ऐका. प्रेक्षकाला ती तशीच ऐकू येणार आहे.

४. पैसे मोजकेच आहेत. सगळे गिटारवरच घालू का?

नको. चांगली केबल, क्लिप ट्यूनर, कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा), तारांचा जादा संच, जाड फोमची बॅग आणि एकदा कारागिराकडून सेटअप (तारांची उंची, मान आणि ब्रिज नीट लावून घेणं), एवढ्यासाठी पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्यात गिटार. यामाहाची साधी अकॉस्टिक आणि पॅसिफिका, फेंडरच्या घरातली स्क्वायर, गिब्सनच्या घरातली एपिफोन, कोर्ट: या गिटारवर नाशिकमधल्या कित्येक मुलांनी पहिला कार्यक्रम केला आहे. नीट सेटअप केलेली स्क्वायर ही सेटअप न केलेल्या महाग गिटारपेक्षा स्टेजवर जास्त सुरात राहते.

५. मोठ्या बॉडीची ड्रेडनॉट चांगली की लहान बॉडीची?

ड्रेडनॉट हे नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून आलं. मार्टिन कंपनीने १९१६ साली हा आकार काढला तेव्हा ॲम्प नव्हते, मोठा आवाज लाकडातूनच काढावा लागायचा. आज आवाज वाढवायचं काम स्पीकर करतो. मोठ्या बॉडीचा खर्ज मात्र बेस, कीबोर्डचा डावा हात आणि तबल्याचा बायाँ यांच्या अंगावर जातो. साउंडवाला तो कापतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच मिक्सरवर निघून जातं.

एकट्याने वाजवणार-गाणार असाल तर ड्रेडनॉट भरून राहते. बँडमध्ये कॉन्सर्ट किंवा ओएम आकाराची, किंवा यामाहाच्या एपीएक्ससारखी पातळ बॉडीची घ्या. एपीएक्स मालिका १९८७ साली स्टेजवर वाजवण्यासाठीच निघाली. घरी प्लग न करता ती बारीक वाजते, म्हणून लोक दुकानात ती नाकारतात. स्टेजवर मात्र तिचा ठेका स्वच्छ उठतो. लहान चणीच्या वादकांच्या उजव्या खांद्यालाही हीच सुखाची.

६. आवाज थोडा वाढवला की गिटार 'हूऽऽ' करून घुमायला लागते. गिटार खराब आहे का?

नाही. स्पीकरचा आवाज गिटारच्या पोटात शिरतो, वरची फळी हलवतो, पिकअप ते उचलून पुन्हा स्पीकरला देतो. हे चक्र म्हणजे फीडबॅक. मोठ्या बॉडीची पोकळी शंभर हर्ट्झच्या आसपास घुमते आणि आपली मोकळी पाचवी तार एकशे दहा हर्ट्झची. म्हणून घूं तिथेच उठतो.

उपाय या क्रमाने करा. मॉनिटरसमोरून (स्टेजवर तुमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरसमोरून) बाजूला व्हा. मधल्या भोकात रबराचं गोल झाकण बसवा, स्वस्त आहे आणि निम्मं काम तिथेच होतं. प्रीॲम्पवर फेजचं (आवाजाची लहर उलटी करणारं) बटण असेल तर दाबून बघा. नॉच (एकच ठराविक सूर कापणारा नॉब) असेल तर हळूहळू फिरवत घूं थांबतो ती जागा शोधा. मग खर्ज कमी करा. काचेच्या भिंतींच्या छोट्या कॅफेत हे सगळं करावं लागतं. द्राक्षमळ्यातल्या मोकळ्या लॉनवर आवाज परत फिरून येत नाही, तिथे तीच गिटार शहाण्यासारखी वागते.

७. प्लग केल्यावर माझी लाकडी गिटार प्लास्टिकसारखी का वाजते?

ब्रिजखालचा पिझो पिकअप लाकडाचा घुमारा उचलत नाही, तारेचा दाब उचलतो. जोरात स्ट्रम केलं की 'क्वॅक' येतो तो त्यामुळे. प्रीॲम्पवरचा मिड थोडा खाली घ्या, ट्रेबल फार चढवू नका आणि हात हलका ठेवा. हाताचा फरक सगळ्यात मोठा. पातळ पिक वापरून आणि ब्रिजपासून दोन बोटं पुढे सरकून वाजवा. आधीपासून चांगली अकॉस्टिक असेल तर भोकात बसणारा चुंबकी पिकअप किंवा फळीला आतून चिकटवायचा पिकअप कारागिराकडून बसवता येतो, नवी गिटार घ्यायची गरज नाही.

आणि डीआय बॉक्स मागा, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरच्या लांब केबलला चालेल असा करून देणारी छोटी डबी. गिटारची साधी केबल सहा मीटरच्या पुढे गेली की त्यात कुरकुर शिरते. पिकअप बॅटरीविना चालणारा असेल तर वरचे सूरही मावळतात. डीआय तुमच्या पायाशी ठेवला की पुढे मिक्सरपर्यंत माइकची लांब केबल बिनधास्त जाते.

८. कार्यक्रमाच्या मधेच आवाज फाटायला लागला. काय झालं असेल?

बहुतेक वेळा नऊ व्होल्टची बॅटरी. गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात माझ्यावर हीच वेळ आली. तिसऱ्या गाण्यात आवाज चिरका होत गेला, चौथ्यात गेलाच. मी केबल बदलली, चॅनल बदलून घेतलं, साउंडवाल्यावर नजर टाकली आणि शेवटी गायकाने फक्त तबल्यावर अंतरा पुरा केला. दोष बॅटरीचा होता आणि ती मी बदलली नव्हती.

बहुतेक गिटारमध्ये जॅक घातला की प्रीॲम्प चालू होतो, वाजवा किंवा नका वाजवू. साउंड चेकनंतर जॅक काढून ठेवा. मोठ्या कार्यक्रमाला नवी बॅटरी घाला आणि एक बॅगेच्या पुढच्या कप्प्यात असू द्या.

९. इलेक्ट्रिकमध्ये स्ट्रॅट, टेली की लेस पॉल?

या तिन्ही जाती सत्तर वर्षांहून जुन्या आहेत आणि आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटार यांच्यातूनच निघाल्या. फेंडरच्या टेलिकास्टरला ते नाव १९५१ साली मिळालं, गिब्सनची लेस पॉल १९५२ साली आली, स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली. लेस पॉलवर हमबकर (दोन कॉइलचे, प्रश्न १० बघा) पिकअप १९५७ पासून बसू लागले.

आपल्या कार्यक्रमांचा विचार केला तर स्ट्रॅट सर्वांत सोयीची. तीन पिकअप, पाच जागांचा स्विच. एकाच संध्याकाळी हळुवार गाणंही निभतं आणि नाचाचंही. तिची दुसरी आणि चौथी जागा गायकाच्या आवाजाखाली अलगद बसते. टेली साधी आणि टणक, तिचा कडक, चमकदार ठेका ढोलकी-ड्रम्समधूनही आरपार ऐकू येतो. लेस पॉल जाड, गोड, रॉकच्या लीडला भरघोस. पण ती अनेकदा चार किलोच्या वर भरते आणि तीन तासांच्या कार्यक्रमात ते वजन डाव्या खांद्यावर असतं.

बोटांनाही फरक कळतो. फेंडरच्या तारेची लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सनची पावणेपंचवीस. लांबी कमी तसा ताण कमी, त्यामुळे तार ओढून मींड काढणं गिब्सनच्या घराण्यात सोपं जातं. नऊच्या तारा (सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची असलेला संच) लावल्या की स्ट्रॅटवरही जमतं.

१०. माझी स्ट्रॅट सतत गुणगुणते. पंडालमधल्या लायटिंगजवळ तर फारच.

सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप आजूबाजूच्या वायरिंगमधला आपल्या विजेचा पन्नास हर्ट्झचा गुणगुणाट पकडतो. हमबकरमध्ये उलट्या गुंडाळीच्या दोन कॉइल असतात. त्यात गुणगुण एकमेकीला मारते आणि तारेचा आवाज तेवढा दुप्पट होतो. नाव त्यावरूनच पडलं. बहुतेक नव्या स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर आवाज शांत होतो. नाहीतर उभं राहण्याची दिशा बदला. नव्वद अंशात वळलात तरी फरक पडतो. ट्रान्सफॉर्मर, डिमर आणि एलईडीच्या भिंतीपासून लांब राहा. गुणगुण तारेला हात लावल्यावर वाढत असेल तर आधी प्रश्न १४ वाचा.

११. स्वतःचा ॲम्प न्यायचा का? किती वॅटचा?

कॅफेसाठी पंधरा-वीस वॅट भरपूर. ड्रम्स असतील तर चाळीस-पन्नास. महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या सभागृहात किंवा मैदानावर आवाज पीएमधूनच (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरमधूनच) जातो. तिथे स्पीकरचा आवाज हुबेहूब काढणारा मल्टिइफेक्ट थेट मिक्सरला द्यावा, हे मला पटलं आहे. ॲम्पसमोर माइक लावायला आणि तो जपायला आपल्याकडच्या धावपळीत कोणाला वेळ नसतो. फक्त घरी हेडफोनवर बनवलेले पॅच (त्यात साठवलेले आवाज) एकदा मोठ्या स्पीकरवर ऐका. हेडफोनवर भरीव वाटलेला खर्ज तिथे चिखल होतो.

१२. गायक म्हणतात "काळी चार". मी गिटारवर काय धरू?

भांबावू नका. पेटीवरची पांढरी एक म्हणजे सी, आणि तिथून मोजायचं. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. पुरुष गायक बरेचदा काळी एक-दोनच्या आसपास गातात, गायिका काळी चार-पाचच्या.

काळी चारला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जीचे आकार. काळी एकला पहिल्यावर कॅपो आणि सी, किंवा चौथ्यावर कॅपो आणि ए. काळी पाचला तिसऱ्यावर कॅपो आणि जी. काळी तीनला दुसऱ्यावर कॅपो आणि ई. कॅपो लावल्यावर सूर किंचित चढतात, म्हणून लावल्यानंतर पुन्हा जुळवा.

याचा निवडीशी संबंध असा, की दुकानात गिटार तिसऱ्या-चौथ्या फ्रेटवर कॅपो लावूनही वाजवून बघा. काही गिटार मोकळ्या तारांवर छान आणि कॅपोवर बेसूर असतात. आपल्या साथसंगतीत कॅपो रोजचा आहे.

१३. ट्यूनरवर गिटार अचूक आहे, तरी पेटीबरोबर बेसूर का वाटते?

पेटीचे सूर धातूच्या पट्ट्यांचे, ते स्टेजवर बदलता येत नाहीत. बऱ्याच पेट्या ए सुराच्या प्रमाण चारशे चाळीस हर्ट्झच्या थोड्या वर किंवा खाली लावलेल्या असतात. जुळवून घ्यायचं ते गिटारनेच. पेटीवादकाला पांढरी सहा, म्हणजे ए, धरून ठेवायला सांगा. फोनमधला माइकवर चालणारा ट्यूनर पेटीजवळ नेऊन काटा मधोमध येईपर्यंत त्याचं कॅलिब्रेशन हलवा, म्हणजे ४४२ की ४३८ ते कळेल. तोच आकडा क्लिप ट्यूनरवर टाकून सहा तारा जुळवा. एका मिनिटाचं काम आहे आणि ते पेटीवादकाला नमस्कार करून, पडदा उघडायच्या आधी करायचं.

कीबोर्डही सोबत असेल तर त्यालाही तोच आकडा द्यायला लावा. नाहीतर तुम्ही कुणाचे तरी एकाचेच राहाल.

१४. गाताना ओठ माइकला लागले की शॉक बसतो. हे चालतं का?

अजिबात नाही, आणि हे उत्तर सगळ्यांनी वाचावं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या. मंडपात ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्यावर, त्यातल्या एकाचं अर्थिंग तुटलेलं असलं की दोघांच्या मधे तुमचं शरीर तार बनतं. पाऊस पडून गेलेला असला, घाटावरची फरशी ओली असली की धोका कित्येक पट वाढतो.

सुरुवातीआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. दोन-चार व्होल्टच्या वर आकडा दिसला तर माइकजवळ जाऊ नका, साउंडवाल्याला आणि मंडळाच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. ॲम्प आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्यायला लावा. गुणगुण कमी होते म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन कधीही काढू नका. डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट सिग्नलपुरता असतो, तो वापरायला हरकत नाही. गिटारचं वायरलेस वापरलं तर तुमच्या अंगातून जाणारा मार्ग तुटतो, मंडपात वाजवणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं. आयोजकांना घाई असते, त्यांना राग येईल. येऊ द्या.

१५. नाशिकच्या हवेत गिटार कशी टिकवायची?

लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात फळी फुगते, तारा वर येतात. थंडीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की उलट होतं: फळी बसते, तारा फ्रेटवर खरखरतात, फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर, सेटअप करून घ्या. ट्रस रॉड (मानेतली सळई) स्वतः फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव वेढा, जास्त नाही. रोज स्टेजवर न्यायची असेल तर लॅमिनेट (पातळ थर चिकटवून केलेल्या) फळीची गिटार हे बदल जास्त सोसते. एकसंध लाकडाची आवाजाला गोड, पण तिला जपावं लागतं.

पाडवा पहाटेला आणखी एक गंमत होते. घरातल्या उबेतून गिटार पहाटेच्या गारठ्यात आली की तारा आखडतात आणि सूर चढतो. मग दिवे तापले की उतरतो. पिंपळपारासारख्या उघड्या जागी वाजवणार असाल तर अर्धा तास आधी गिटार बॅगेतून काढून ठेवा आणि दर दोन गाण्यांनी ट्यूनर बघा.

१६. गाडीत ठेवली तर चालेल का? आणि मुंबईला नेताना?

उन्हात बंद गाडीत कधीच नाही. एका मे महिन्यात मी शहराबाहेरच्या कार्यक्रमाला गेलो आणि जेवणापुरती गिटार मागच्या सीटवर ठेवली. दोन तासांनी ब्रिजच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्ड सरकेल एवढी फट होती. गोंद मऊ पडला आणि तारांनी ब्रिज ओढला. दुरुस्त झाली, पण डाग अजून दिसतो.

पंचवटी एक्सप्रेसने जाताना रॅकवर आडवी टाकू नका, वर दुसऱ्याची सुटकेस येते. दोन पायांच्या मधे उभी धरा.

१७. चालू गाण्यात तार तुटली तर?

गाणं थांबवू नका, उरलेल्या तारांवर ठेका धरा. साधा पक्का ब्रिज असलेल्या गिटारवर बाकीच्या तारा जवळपास सुरात राहतात. फ्लॉइड रोज किंवा तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगांवर तोललेला हलता ब्रिज) असेल तर एक तार तुटताच सगळा तोल जातो आणि सहाच्या सहा बेसूर होतात. म्हणून एकच गिटार असलेल्याने फ्लॉइड रोज घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नव्या तारा लावा, त्याच दिवशी नको. त्या बसायला वेळ घेतात.

१८. जुन्या भावगीतांत ऐकू येणारी ती सरकती गिटार कोणती? तीच घेतली तर?

ती हवाइन गिटार, मांडीवर आडवी ठेवून पोलादी बारने वाजवतात. इलेक्ट्रिक गिटारचा जन्मही तिच्यापासूनच: रिकनबॅकरने १९३२ साली विकायला काढलेली 'फ्राइंग पॅन' मांडीवरचीच होती. मींड, गमक तिच्यावर जसे निघतात तसे फ्रेटवर निघत नाहीत. शिकवणारे आता थोडे उरलेत, म्हणून कुणी विचारलं की मला फार बरं वाटतं. साध्या गिटारच्या जागी मात्र ती चालणार नाही, तिचा हात वेगळा आहे.

१९. मुलगा डावखुरा आहे. उजव्या हाताची गिटार द्यावी का?

त्याला रिकाम्या हातांनी गिटार वाजवल्याची नक्कल करायला सांगा. सहज जी बाजू येईल ती घ्या. डाव्या हाताच्या गिटार दुकानांत कमी असतात, मागवाव्या लागतात. उजवीच्या तारा नुसत्या उलट्या लावून भागत नाही, नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा आणि ब्रिजचा कल बदलावा लागतो.

२०. तुमच्या स्वतःच्या आवडत्या कोणत्या?

अकॉस्टिकमध्ये कॉन्सर्ट आकाराची, प्रश्न १६ मधली डागवालीच. तिचा खर्ज थोडा पातळ आहे. गायिकेचा आवाज काळी चारवर उघडतो तेव्हा तिच्याखाली ती मावते, अंगावर जात नाही. इलेक्ट्रिकमध्ये टेलीच्या जातीची एक साधी, दोन पिकअपची. तिच्या व्हॉल्यूमच्या नॉबवरची आकड्यांची शाई माझ्या करंगळीने पुसली गेली आहे. अंतऱ्याला सातवर, मुखड्याला नऊवर, आकडे न बघता करंगळी फिरते. दुसऱ्या कुठल्याही गिटारवर मला अजून ते न बघता जमत नाही.